राणीची डबी

सुक्या,

तुला माती देऊन परतलो त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी दुकान उघडतो, पोरांना वह्या देतो, झेरॉक्स काढून देतो, आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो. भांडण तेच, आपलं जुनं. फक्त आता तू उलटून बोलत नाहीस, त्यामुळे दरवेळी मीच जिंकतो आणि त्यात काडीची मजा नाही.

त्या दिवशी तुझ्या अंगणात काय झालं ते आधी सांगतो, कारण तेच मनातून जात नाही. मी आर्वीहून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि त्यातलं मी कुणालाच ओळखत नव्हतो. शेवंतावहिनींनी मला फाटकाशी पाहिलं आणि रडता रडताच शेजारच्या बायांना सांगितलं, "हेच ते मधुभाऊ. यायनंच ते डबी उचलली नाई." बाया माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी कुणाचा जीव वाचवला होता. एका म्हाताऱ्यानं माझा हात धरून मला गर्दीतून पुढे नेलं, थेट तुझ्याजवळ. मी मान खाली घालून गेलो. सगळ्यांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण मान शरमेनं खाली गेली होती. ती डबी मी उचलली होती, सुक्या. तीस वर्षांपूर्वी, तुझ्या पाठीमागे, एकट्यानं.

तू होतास तोवर हे मला सांगता आलं नाही. आता सांगतोय, जेव्हा तुला ऐकू येत नाही. भित्रा माणूस अशीच वेळ निवडतो.

अंगणातल्या त्या बायांना कुणी सांगितलं असेल का, की ती डबी खरी नव्हतीच म्हणून? कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या सहा-सात हिरव्या रेघांची होती ती. आर्वीत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर तो कॉम्प्युटर क्लास निघाला होता, चपला बाहेर काढून आत जायचं. दोनच मशिनी, त्यांच्यावर प्लॅस्टिकचे झगे. मी बी.एस्सी.ला दुसऱ्यांदा आपटलो होतो आणि घरात तोंड दाखवायला नको म्हणून तिथे जायचो. तू गावाकडून सकाळच्या एसटीनं यायचास आणि परतीची गाडी संध्याकाळी, त्यामुळे दुपारभर तुला जायला जागा नव्हती. सर दुपारी जेवायला घरी जायचे आणि तिथेच लवंडायचे. किल्ली आपल्याकडे, कारण अख्ख्या क्लासात मशिनीवरची धूळ मनापासून पुसणारा तू एकटाच होतास. त्या धूळ पुसण्यातच तुला फ्लॉप्यांच्या खोक्याच्या तळाशी ती फ्लॉपी सापडली. वरचं लेबल फाटलेलं. खेळाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आपण त्याला नुसतं 'खजिना' म्हणायचो.

माझ्या मुलीनं हल्ली तो खेळ पाहिला तेव्हा ती म्हणाली, बाबा, यात काही हलत का नाही? खरंच हलत नव्हतं काही. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात एकेक रेघ निघायची. आधी जमीन, मग झाड, मग झाडामागचं दार. चित्र पुरं होईपर्यंत तू श्वास धरून बसायचास. खालच्या अर्ध्यात इंग्रजीत दोन ओळी, तुम्ही कुठे आहात आणि समोर काय आहे. मग आपण दोन शब्द टाइप करायचे. गो नॉर्थ. ओपन डोअर. गेट लॅम्प. बेटावर अकरा मौल्यवान वस्तू लपवलेल्या. त्या हुडकायच्या आणि किनाऱ्यावरच्या झोपडीत आणून ठेवायच्या. एवढाच खेळ. आपल्या दोघांचं इंग्रजी मिळून एका माणसापुरतं होत नव्हतं, म्हणून मी आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून डिक्शनरी आणली आणि नकाशा काढायला आलेखाचे कागदही.

त्या नकाशानं तर आपल्याला जवळजवळ शत्रू केलं होतं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं नकाशा सांभाळायचा, नवी जागा आली की अदलाबदल, अशी आपली पद्धत. आठवडाभर ती नीट चालली आणि मग आपण एकाच विहिरीत पडायला लागलो. दोन दिवस, पुन्हा पुन्हा, तीच विहीर. तू म्हणायचास मी चुकीचं टाइप करतो, मी म्हणायचो तू आंधळा आहेस. शेवटी मी तुझा कागद ओढून घेतला तेव्हा कळलं की तू पूर्व वर धरली होतीस. मी वर उत्तर धरून वाचत होतो. मी तुला अडाणी म्हणालो. तू अगदी शांतपणे विचारलंस, "दिवस कुठून निंगते?" मी म्हणालो, पूर्वेकडून. "मंग तेच वर नाई का राहणार? आमच्या गावात सारं तिकडूनच सांगतेत. घर, वावर, विहीर, सारं." मी दुकानातून शाळेचा अ‍ॅटलास आणून तुझ्यापुढे आपटला. तू दोन पानं उलटलीस आणि म्हणालास, "हे पुस्तक झोपेत छापलं वाटते."

हसू आवरेना आणि भांडण तिथंच संपलं. नकाशा तुझ्याच पद्धतीनं ठेवायचा ठरला आणि मी तसा वाचायला शिकलो. आजही ते बेट माझ्या डोळ्यांपुढे येतं ते पूर्व वर घेऊनच येतं.

त्याच दिवशी आपण दुसरी गोष्ट ठरवली. एकानं दुसऱ्याशिवाय खेळायचं नाही. कुणी ठरवली ते आठवत नाही. मला वाटतं मीच, कारण मला भीती होती की मी घरी गेल्यावर तू पुढे निघून जाशील. तुला तसं कधी सुचलंही नसतं.

खेळातल्या दिव्यातलं तेल संपायचं, लाईट जायची, सगळं मुसळ केरात जायचं आणि पुन्हा किनाऱ्यावरून सुरुवात. तुला पहिल्यापासूनच्या सगळ्या आज्ञा पाठ झाल्या होत्या. मी टाइप करायचो आणि तू डोळे मिटून म्हणत जायचास, आरती म्हणावी तशा एका दमात. असं करत करत दहा वस्तू झोपडीत आल्या. अकरावी राहिली.

ती त्या गुहेत होती. एकेक रेघ निघत गेली आणि आपल्याला दिसलं, की दगडावर कुणीतरी निजलंय. डोक्यावर मुकुट. मेलेली राणी, असं खाली लिहून आलं. पायाशी डबी. मी आनंदानं ओरडलो आणि टाइप करायला वाकलो. तू माझं मनगट धरलंस.

"ते नको उचलू."

"काऊन?"

"ते तिचं हाय."

मला वाटलं थट्टा करतोयस. तुझा चेहरा पाहिला आणि कळलं की नाही. मग तू सांगितलंस, तुझा आजा गेला तेव्हा त्याचा पितळी लोटा आणि काठी त्याच्यापाशीच ठेवली. बापाला तो लोटा हवा होता, चांगला जड होता, पण ठेवला. तुमच्यात ठेवतात. मेलेल्या माणसाजवळ ठेवलेलं कुणी घरी आणत नाही. मी म्हणालो, अबे सुक्या, या रेघा आहेत. तू म्हणालास, "रेघाच हायेत तं तुले कायले पाह्यजे?"

मी कीबोर्डवरचा हात काढला.

अख्खा उन्हाळा आपण दहावर अडून बसलो. तुझं म्हणणं, खेळ करणारा माणूस इतका वाईट नसेल, डबी न उचलता खेळ पुरा करायची काहीतरी वाट त्यानं ठेवलीच असेल. आपण बेटाचा दगड न् दगड तपासला. मी वैतागायचो, शिव्या द्यायचो, डिक्शनरी फेकायचो. तू पुन्हा किनाऱ्यावरून सुरुवात करायचास.

मग तुझं वनरक्षकाचं बोलावणं आलं आणि तू ट्रेनिंगला गेलास. महिन्याभरात सरांनीही क्लास बंद करायचं ठरवलं. मशिनी दुसऱ्या दिवशी टेम्पोत जाणार होत्या, आणि त्या शेवटच्या दुपारी किल्ली माझ्याकडे होती. मी गेलो, चपला काढल्या, झगा काढला, तू पाठ केलेल्या आज्ञा मोठ्यानं म्हणत गुहेपर्यंत गेलो आणि डबी उचलली. झोपडीत नेऊन ठेवली. शेवट पाहिला.

पोळ्याला तू सुट्टीवर आलास ते बसस्टँडवरून थेट दुकानात. पहिला प्रश्न, "खजिना कुठं हाय?" मी म्हणालो, उन्हानं फ्लॉपी वाकली. आपल्याकडच्या उन्हावर कुठलीही गोष्ट ढकलता येते. तुझा चेहरा पडला, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तू मलाच समजावलंस, "जाऊ दे बे. तुह्याच्यानं थोडीच वाकली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका शिवीत मिटलं असतं.

मग नोकरी, लग्न, बदल्या. तू कुठल्या कुठल्या जंगलात राहिलास. पण खजिना तू सोडला नाहीस. आधी पोस्टकार्डं आली. मोबाइल आल्यावर रेंजसाठी टेकडी चढून फोन करायचास. घरचं बोलणं दोन मिनिटांत उरकायचं आणि मग खाकरून सुरू व्हायचास. "मध्या, मले वाटते, त्या राणीपाशी आपुनच काही ठेवून पाह्याले पाह्यजे होतं. घेतलं तं नाई, पण देलं बी नाई आपुन." दर वर्षी एखादी नवी युक्ती. मी हं, हं करायचो. मला माहीत होतं की डबी उचलल्यावर काय होतं. तुला वाटायचं आपण दोघंही अंधारात आहोत, आणि त्या अंधारात तू माझी सोबत धरून चालत होतास.

एकदा माझा तोल गेला. तू कौतुकानं काहीतरी सांगत होतास आणि मी फटकारलं, "पन्नाशी आली बे, सोड आता तो खजिना. पोरखेळ आहे." "बरं," एवढंच म्हणालास. त्यानंतर किती तरी महिने तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. त्या महिन्यांत मी दुपारच्या वेळी उगाच मोबाइल चार्जिंगला आहे का बघायचो. तुझ्यावर चिडलो नव्हतो रे. दरवेळी तुझ्यापुढे खोटं बोलून मी दमलो होतो.

शेवटी वहिनींचा फोन आला, सेवाग्रामला दवाखान्यात भरती केलंय, येऊन जाजा. मी गेलो. पलंगावर तू आहेस हे मला आधी ओळखूच आलं नाही. जंगलात वीस-वीस किलोमीटर चालणारा माणूस, त्याची मनगटं पोरीच्या मनगटाएवढी झालेली. मी फळं ठेवली. तू फळांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "खजिना आणाचा सोडून केळं आनले."

पुढच्या खेपेला मी तो आणला. मुलीनं इंटरनेटवर शोधून लॅपटॉपवर टाकून दिला होता, नावगाव नसलेला खेळ नुसत्या वर्णनावरून तिनं कसा शोधला देव जाणे. भेटायच्या वेळेत, दुपारी, तुझ्या पायाशी स्टुलावर मी बसलो. वहिनी बाजूला संत्रं सोलत होत्या. पहिली रेघ निघाली तशी तू मान उचललीस. मग डोळे मिटलेस आणि आज्ञा म्हणायला लागलास. तीस वर्षांनी एकही चुकली नाही. मध्येच धाप लागायची, थांबायचास, पुन्हा तिथूनच सुरू. मी टाइप करत गेलो. दहा वस्तू झोपडीत आल्या आणि आपण गुहेत शिरलो.

राणी निजली होती तशीच. तू डोळे उघडून पडद्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "घे."

"काय?"

"डबी घे उचलून. माह्या एकट्याच्या हट्टापायी तू इतके वर्षं अडून राह्यला. मले समजते. पाहून घे बे शेवट."

माझी बोटं कीबोर्डवर होती. दोन शब्दांचं काम. पण मग शेवट आला असता आणि मला पहिल्यांदाच पाहिल्यासारखं करावं लागलं असतं, तुझ्या डोळ्यांपुढे. ते सोंग मला जमणार नव्हतं. म्हणून, फक्त म्हणून, मी म्हणालो, "नाई. राहू दे तिचं तिच्यापाशी."

सुक्या, तू हसलास. असा हसलास की खोकला सुटला आणि वहिनी उठून उभ्या राहिल्या. "पाह्य," तू त्यांना म्हणालास, "पाह्य, मध्याले समजलं! तीस वर्षं लागले, पन समजलं." सलाईन बदलायला नर्स आली, तर तिलाही सांगितलंस. तिला बिचारीला काय कळणार, ती म्हणाली, छान छान. मी लॅपटॉप बंद केला. निघताना तू माझा हात सोडेनास. विचारलंस, "पन काय असन बे शेवटी?" मी म्हणालो, "कोनाले माहीत." एसटीत बसल्यावर मला रडू आलं. लाजेचं होतं की कशाचं, सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात तू गेलास. मला पटलं असं खरंच मानून गेलास. मला पटलं नव्हतं, मी घाबरलो होतो. आणि त्या घाबरण्याची गोष्ट झाली, ती तू घरी सांगितलीस, घरानं गावाला सांगितली. आता तुझ्या गावात मी भला माणूस आहे. लोक म्हणतील, अहो, सुक्याला तुमचं खोटं आतून कळलं असेल, तो काही बोलला नसेल. मला असल्या समजुती नकोत. तुला कळलं नव्हतं. कळलं असतं तर तू सलाईनची सुई उपसून मला मारलं असतंस, आणि मग आपण दोघं हसलो असतो. ते मारणं माझ्या वाट्याचं होतं आणि ते राहून गेलं.

तुझ्याजवळ लोकांनी तुझा चष्मा ठेवला, जंगलातली शिट्टी ठेवली, तुझा पाणी प्यायचा लोटा ठेवला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी ठेवता का काही?" मी रिकाम्या हातानं आलो होतो. खिसे चाचपले. दुकानातलं बॉलपेन होतं, तेच ठेवलं. घरी आल्यावर आठवलं की ते नीट चालतही नाही. दोनदा झटकावं लागतं. माफ कर.

इथे आर्वीत मी कुणाला सांगू हे? बायकोला सांगितलं, ती म्हणाली, अहो एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेता. ती बरोबर आहे. गोष्ट एवढीशीच आहे. तिला मोठी मानणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्यातला मी आता एकटा दुकानात बसलोय. मुलगी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेली. जाताना म्हणाली, खेळ मोबाइलवर टाकून देऊ का? मी नको म्हणालो. कुणाबरोबर खेळू? तुझ्याशिवाय खेळायचं नाही असं ठरलं होतं, आणि एकदा मोडून पाहिलंय मी ते.

तुझं मात्र मी देणं लागतो. ज्याच्यासाठी तू टेकड्या चढलास ते तुला मी दिलं नाही. शेवटी काय असेल, असं विचारलं होतंस ना? मला माहीत होतं. तर ऐक.

शेवटी काहीच नव्हतं. मी डबी झोपडीत ठेवली. खाली एक ओळ आली, अकरापैकी अकरा, तुम्ही जिंकलात. ना ढोल, ना चित्र. डबीत काय होतं तेही सांगितलं नाही. त्याखाली प्रश्न, पुन्हा खेळायचं का? मला इतकं हसू आलं की काय सांगू. याच्यासाठी आपण अख्खा उन्हाळा जाळला! आणि "अबे सुक्या, पाह्य काय झालं" असं म्हणत मी बाजूला वळलो.

बाजूला कोणी नव्हतं. खालच्या दुकानात कुणीतरी मीटरनं कापड मोजत होतं, तेवढा आवाज. त्या दुपारी मला वाटलं होतं की एकटं पडणं म्हणजे काय ते आपल्याला कळलं, आणि इतकी वर्षं मी तसंच समजत होतो. ते खरं नव्हतं, सुक्या. तेव्हा तू पोळ्याला येणार होतास.